सतरा किलोंची पेटी

बालाघाट, ८ ऑक्टोबर १९७३, सोमवार

"पोरी, ह्या वाद्याला बोटं नंतर लागतात, आधी दोन हमाल लागतात." कुलासो मास्तर असं म्हणाले तेव्हा मी चौदा वर्षांची होते. उकव्याच्या मँगनीज खाणीच्या क्लबात ते बँड चालवत. बाबा त्याच खाणीत हेडक्लार्क. क्लबाच्या कोपऱ्यात माणसाहून उंच व्हायोलिन उभं असायचं, त्याला डबल बेस म्हणतात हे मला मास्तरांनी सांगितलं आणि वाजवायलाही त्यांनीच शिकवलं. साहेब लोक गेले, बँड मोडला, मास्तर गोव्याला परतले, वाद्य बाबांच्या गळ्यात पडलं. लग्नात ते माझ्याबरोबर या घरी आलं. ह्यांनी त्याच्या मानेवर छत्री अडकवायला सुरुवात केली, ती वीस वर्षं तिथेच होती.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे गोंदियाहून सुनीतीबाईंचं पत्र आलं. गणपतीत महिला मंडळात मी वाजवलं ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा बारा बायकांचा वाद्यवृंद आहे. बेस वाजवणारी बाई त्यांना कुठेच मिळत नाही. संक्रांतीला नागपूरला कार्यक्रम आहे, मग रायपूर, मग दुर्ग. पत्रातला एक भाग उतरवून ठेवते:

"काही गाण्यांना तुमचा उभा डबल बेस लागेल, काहींना इलेक्ट्रिक बेस गिटार. गिटार आणि अँप्लिफायर आमच्याकडे आहेत, बेसचा स्पीकर नाही. दोन्ही वाद्यं वाजतील अशी एकच स्पीकरची पेटी तुम्हाला आणावी लागेल. आमच्याबरोबर पुरुषमाणूस नसतो, मुलींच्या घरच्यांनी याच अटीवर परवानगी दिली आहे. लहान स्टेशनांवर हमाल नसतात. म्हणून पेटी तुम्हाला एकटीला डब्यात चढवता-उतरवता आली पाहिजे. ही अट मी कोणासाठीच मोडत नाही. २५ नोव्हेंबरच्या रविवारी तालमीला या."

पत्र ह्यांना दाखवलं. ह्यांनी दोनदा वाचलं, चष्मा पुसला.

"जा ना," म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतो? पेटी मी करून देतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. किती बायकांना असं ऐकायला मिळतं?

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टेशन रोडवरच्या प्रेमलालच्या दुकानात गेले. तो रेडिओ दुरुस्त करतो, लग्नाला लाउडस्पीकर देतो, आणि गावच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजमधला बारा इंची स्पीकर त्याच्याकडे पडून आहे. नुसत्या स्पीकरचंच वजन पाच किलो, मागे लोहचुंबक आहे ना.

मी विचारलं, लग्नाचा भोंगा नाही का चालणार? तो इतका हसला की हातातला चिमटा खाली पडला. "भाभी, भोंगे में बेस डालोगे तो बकरी की आवाज निकलेगी."

नागपूरला तयार पेटी मिळते, पण ती दोघांनी उचलायची. त्याचं म्हणणं, जाड लाकूड लागतच नाही. पेटीत हवा हवी, आणि बाजू थरथरता कामा नयेत. बाजू थरथरल्या की आवाज फाटतो. उभ्या बेसची भानगड आणखी वेगळी. त्याच्या तारांखालच्या घोडीपाशी प्रेमलालने, आवाज अँप्लिफायरकडे जावा म्हणून, ग्रामोफोनच्या पिकअपचा तुकडा चिकटवून दिला आहे. समोरच्या पेटीला मागून भोक असेल तर वाद्याचं पोट तिचाच आवाज ऐकून घुमायला लागतं आणि मग थांबता थांबत नाही. म्हणून पेटी चारी बाजूंनी बंद हवी.

घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकलं. "तेजरामला सांगितलंय मी," म्हणाले. "डेपोतलं सागवान. पहिल्या प्रतीचं."

हे जंगलखात्याच्या लाकूड डेपोत. सागवानापलीकडे त्यांच्या दृष्टीने लाकूडच नाही.

२१ ऑक्टोबर, रविवार

तेजरामसुताराने पेटी आणली. आणली म्हणजे बैलबंडीतून आणली आणि दोघांनी उतरवली. इंचभर जाड सागवान, पुढे कोरलेलं कमळ, कोपऱ्यांना डव्हटेलचे सांधे. हात फिरवावासा वाटेल अशी.

"बाई, हे पेटी नोहे, देवघर हाय," तेजराम म्हणाला. "शंभर वर्सं हालनार नाही."

"तेजराम, मला ती हलवायचीच आहे रे."

"काहून? घरी काय कमी हाय?"

हे हसले. मीही हसले. संध्याकाळी हे फिरायला गेल्यावर एकटीने उचलून पाहिली. एक टोक उचललं, दुसरं जमिनीलाच. आवाज मात्र काय सांगू. प्रेमलालचा स्पीकर आत बसवलेलाच होता, त्याच्याच उसन्या अँप्लिफायरवर खालची तार छेडली तर स्वयंपाकघरातल्या वाट्या किणकिणल्या.

ह्यांना सांगायला जीव धजेना. इतक्या हौसेने करवून घेतली. शेवटी जेवताना सांगितलं.

"मग मी येतो ना गोंदियाला," म्हणाले. "प्रत्येक रविवारी येईन."

"पुरुषमाणूस चालत नाही त्यांना."

"मग त्यांचीच अट विचित्र आहे," असं म्हणून त्यांनी ताक मागितलं.

३ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली. मुलगा भिलाईहून चार दिवसांसाठी आला होता, गेला. त्याच्या कारखान्याला सुट्टी कमी. तो गेला की हे दोन-तीन दिवस फाटकापाशी उगाच उभे राहतात. मी भाजी आणायला निघाले तरी विचारतात, किती वेळ लागेल. मी घरात नसले तर जेवत नाहीत. झाकून ठेवलेलं तसंच. मागे मी चुलतबहिणीकडे लामत्याला दोन दिवस राहिले तर हे नुसत्या चहावर राहिले होते. परत आल्यावर शेजारच्या गोदाबाईंनी माझीच कानउघाडणी केली.

प्रेमलालने नवी युक्ती काढली आहे. चहाची पत्ती ज्या प्लायवुडच्या खोक्यांतून येते, त्या खोक्यांचे तक्ते. कागदासारखे पातळ, पण दोन-दोन चिकटवले की चिवट. आणि बाजू थरथरू नयेत म्हणून आतून कटंग बांबूच्या चिरफाळ्या आडव्या-उभ्या. कल्पना त्याची, पण बांबू मी सुचवला. आपल्याकडे घरं त्याच्यावर उभी राहतात, पेटी का नाही राहणार?

गोदाबाई सगळं कुंपणावरून बघतात. "काहून वो कालिंदीबाई, बांबू कायले आनला? तिरडीचा बांबू घरात आनते का कोनी?"

"मांडवालाही तोच लागतो, गोदाबाई."

"हौ, पण या वयात कोनाचा मांडव वो माय?" आणि स्वतःच खो खो हसल्या.

९ नोव्हेंबर, शुक्रवार

झाली! आतून तांदळाच्या पोत्यांचं बारदान लावलं, मागची फळी स्क्रूने बंद केली. दिसायला अगदी गबाळी, एका बाजूला आसामच्या कुठल्यातरी मळ्याचं अर्धं नाव. प्रेमलालने शेजारच्या तांदळाच्या अडतीवर नेऊन काट्यावर ठेवली. स्पीकर धरून सतरा किलो.

मी ती उचलली. कमरेपर्यंत. मग अडतीच्या पायऱ्या चढले, उतरले, परत चढले. अडतीवरचे लोक बघत होते. बघेनात का.

गिटार लावली, स्वच्छ. उभा बेस घरून मागवला, तोही घुमला नाही, फक्त खालच्या सुरावर किंचित फडफड. प्रेमलाल म्हणाला, "इतनी तो चलेगी, भाभी. सतरह किलो में आदमी भी थोडा फडफडाता है." माझं वय, माझं बाईपण, माझी त्रेचाळीस वर्षांची कंबर, काहीच आड येत नव्हतं. किती दिवसांनी असं हलकं वाटलं.

घरी ह्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली. बोट लावून ठक ठक केलं.

"आपल्या घरातून चहाचं खोकं जाणार?"

"वाजतं चांगलं."

"वाजेल गं. पण लोक काय म्हणतील, डेपोतल्या माणसाची बायको आणि…" मग म्हणाले, "निदान पितळी कोपरे आणि दांड्या तरी लावून आणतो तेजरामकडून. रंगही देतो. चार दिवस दे मला."

दिली. नको म्हणायला कारणच नव्हतं. ते इतकं करत आहेत.

१४ नोव्हेंबर, बुधवार

पेटी आली. काळा रंग, पितळी कोपरे, दोन बाजूंना दोन दांड्या. चहाच्या मळ्याचं नाव गेलं. खरंच देखणी झाली.

उचलली तर जड लागली. पितळ असेल. शिवाय काल चतुर्थीचा उपास होता. आवाज मात्र आधीपेक्षा भरीव झाला आहे, फडफड पूर्ण गेली. रंगाने असं होतं का? प्रेमलालला विचारायला हवं, पण तो लग्नांच्या कामात.

१८ नोव्हेंबर, रविवार

रोज सकाळी पेटी उचलून ओसरीच्या पायऱ्या उतरायचा सराव करते. आज दुसऱ्याच पायरीवर टेकवावी लागली.

"नदीकाठचं धुकं आहे," हे म्हणाले. "लाकूड ओल धरतं."

नंतर म्हणाले, "आणि चाळिशीनंतर बायकांचं असंच होतं. तू मानत नाहीस."

खरं असेल. नऊ दिवसांपूर्वी मी अडतीच्या पायऱ्या चढले होते, तो नुसता आनंदाचा जोर असेल. ह्यांनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पापण्या ओढून पाहिल्या, रक्त कमी आहे म्हणाले, लोहाचं टॉनिक दिलं. हे रोज दोन वेळा चमच्यात ओतून स्वतः देतात. कडू आहे. ते समोर बसतात म्हणून घेते.

२५ नोव्हेंबर, रविवार

संध्याकाळी लिहिते आहे. सकाळी लिहिण्याच्या अवस्थेत नव्हते.

साडेसहाची छोटी गाडी. रिक्षावाल्याने पेटी फलाटावर ठेवली. उभा बेस गार्डाच्या डब्यात आधीच गेला होता, तो आकारानेच अवघड, वजनाला पोकळ आणि हलका, गार्डच चढवून घेतो. हे सोडायला आले होते. मी म्हटलं, आता तुम्ही बाजूला उभे राहा, मला एकटीला करू द्या. ते खरंच बाजूला उभे राहिले, खिशात हात घालून.

आपल्या गाडीचा फलाट खाली, डब्याची पायरी उंच. पेटी छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. वरही जाईना, खालीही ठेवता येईना. बायकांच्या डब्यातली एक म्हातारी म्हणाली, "छोडो बाई, कमर टूट जाएगी." पाठीत कळ आली. पेटी खाली ठेवली.

हे पुढे आले आणि एका झटक्यात ती डब्यात चढवली. मग माझ्याकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी चढवली. पण गोंदियाला कोण उतरवेल? आणि तिथला जिन्यांचा पूल?"

गार्डाने शिट्टी दिली. मीच म्हटलं, उतरवा.

पेटी उतरली, बेस उतरला, गाडी गेली. येताना ह्यांनी जिलबी घेतली, गरम. घरी स्वतः पोहे केले. दुपारभर माझ्या पाठीला तेल लावून दिलं. इतका प्रेमळ माणूस, आणि मला दिवसभर त्यांचा स्पर्श नको वाटत होता. स्वतःची लाज वाटते.

सुनीतीबाईंना पत्र टाकलं. माझ्याने होत नाही, प्रकृती साथ देत नाही, क्षमा करा.

२६ नोव्हेंबर

ह्यांनी पेटी कोपऱ्यात उभी करून तिच्यावर फुलदाणी ठेवली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

सुनीतीबाईंचं पोस्टकार्ड. "तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. तुमच्यासारखा हात मला दुसरीकडे मिळालेला नाही. ९ डिसेंबरपर्यंत जागा ठेवते. त्यानंतर तुमसरची एक मुलगी आहे, तिला शिकवून घेईन."

कार्ड होतं, म्हणजे ह्यांनी वाचलंच असणार. टेबलावर पालथं ठेवलेलं होतं.

"काय ठरवलंस?" म्हणाले.

"ठरवायचं काय त्यात? उचलत नाही."

"हौ," म्हणाले, आणि टॉनिकची बाटली हलवायला लागले.

या घरात कोणी माझ्यावर ओरडत नाही. मला कोणी काही नाकारत नाही. दाराला कडीसुद्धा आतून आहे. तरी दुपारी खिडकीत बसलं की असं वाटतं, कोणीतरी मला खूप काळजीपूर्वक बांधून ठेवलं आहे, आणि गाठ कुठे आहे ते दिसत नाही. हे लिहिलं आणि वाटलं, किती कृतघ्न बाई आहे मी.

६ डिसेंबर, गुरुवार

जाणार नाहीच, पण बोटांना कोण सांगणार? फुलदाणी उचलली आणि दुपारी वाजवत बसले. खालच्या सुरावर पेटीतून टक टक आवाज यायला लागला. काहीतरी ढिलं झालं होतं. प्रेमलालला निरोप पाठवला. तो जेवणाच्या सुट्टीत आला, मागची फळी उघडली.

आणि पेचकस खाली ठेवला.

"भाभी, ये मैंने नहीं लगाया."

आत चारी बाजूंना सागवानाच्या फळ्या. माझे बांबू काढून टाकलेले. बारदान मात्र नीट परत वरून शिवल्यासारखं लावलेलं. एका फळीचा स्क्रू सैल झाला होता, तीच वाजत होती. तिच्या टोकावर अर्धवर्तुळाचा ठसा होता. मी तो ओळखला. डेपोत ओंडका पास झाला की त्याच्या तोंडावर हातोड्याने छाप मारतात. ओंडका चिरला की छापही चिरला जातो, अर्धा एका फळीवर, अर्धा दुसरीवर. लग्नानंतर पहिल्यांदा डेपो दाखवायला नेलं तेव्हा ह्यांनी तो हातोडा माझ्या हातात देऊन एक छाप मला मारू दिला होता. मला दोन्ही हातांनीही उचलला नव्हता. किती हसले होते.

प्रेमलालने फळ्या हाताने तोलल्या. "बारह-तेरह किलो होगा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "निकाल दूँ?"

मी म्हटलं, नको. तो स्क्रू आवळ आणि बंद कर.

का म्हटलं असं?

७ डिसेंबर, शुक्रवार

तेजरामकडे गेले. तो रंधा मारत होता, थांबला नाही.

"तेजराम, पेटीत फळ्या कोणी लावल्या?"

"मीच लावल्या बाई. सायबानं सांगतलं, मजबुती पायजे."

"वजन वाढेल असं सांगितलं नाहीस?"

"सांगतलं ना. म्हटलं, सायेब, बाईले उचलनार नाही." रंधा थांबला. "सायेब म्हने, वाढू दे."

मग त्याने माझ्यासाठी पाट पुसला, बसा म्हणाला. मी उभीच होते. तो बिचारा म्हणत राहिला, "मले वाटलं तुमाले मालूम हाय. नवरा-बायकोत काय लपते, बाई?"

परत येताना स्टेशनापाशी थांबले. जबलपूरकडची गाडी उभी होती. तिच्या पायरीकडे बघत राहिले. म्हणजे माझं रक्त कमी नव्हतं. धुकंही नव्हतं. तीन आठवडे मी माझ्या हातांना, पाठीला, वयाला दोष देत होते, आणि ते समोर बसून चमचा पुढे करत होते. चमचा धरताना त्यांचा हात कधी कापला नाही.

तरी सांगते, राग पूर्ण येत नाही. फाटकापाशी उभे राहणारे ते दिसतात. झाकलेलं ताट दिसतं. एवढ्या मोठ्या माणसाला 'जाऊ नको' हे दोन शब्द म्हणता आले नाहीत, म्हणून त्यांनी लाकूड वापरलं. म्हटले असते तर मी काय केलं असतं? बहुधा राहिलेच असते. हे त्यांना माहीत होतं का? की हेच माहीत होतं, आणि 'राहिली, पण माझ्या म्हणण्याने राहिली' हे ओझं त्यांना नको होतं?

८ डिसेंबर, शनिवार

उद्या नववी तारीख. गाडी साडेसहाची.

फळ्या मला काढता येतात. सकाळी हे कामावर गेल्यावर मागची फळी उघडून बसलेही होते. प्रेमलालकडून बांबूच्या नव्या चिरफाळ्या आणल्या आहेत, त्या लावायला तास पुरेल. आतल्या फळ्यांचे स्क्रू मोजले, सोळा. पहिला फिरवला, निम्मा बाहेर आला, आणि मी थांबले.

मी गुपचूप काढल्या तर उद्या मी त्यांना न सांगता हलकी पेटी उचलेन, ते फलाटावर बघत राहतील, दोघांनाही कळेल आणि दोघंही बोलणार नाही. मग आयुष्यभर आम्ही असेच राहू, एकमेकांच्या पेट्या आतून भरत आणि रिकाम्या करत. मी गोंदियाला जाईन, पण जाईन चोरासारखी. मला तसं जायचं नाही. आणि न जाता या खोलीत राहायचं म्हटलं तर आता श्वास पुरत नाही, हेही खरं.

म्हणून उघडी पेटी बैठकीत मधोमध ठेवली आहे. पाठ दाराकडे, म्हणजे आत येताच फळ्या दिसतील. पेचकस वर ठेवला आहे. गोदाबाई मघाशी डोकावून गेल्या, "काय हो, पेटीचं पोट फाडलं का?"

सहाला येतील. आधी पायपुसण्यावर चपला झाडतील, मग बघतील. चष्मा काढून पुसतील. म्हणतील, हे काय? मग म्हणतील, मजबुतीसाठी होतं गं. मग म्हणतील, तुझी पाठ अजून दुखते, पुढच्या वर्षी बघू. यातला एकेक शब्द मला आत्ताच ऐकू येतो आहे. ते नाही म्हणणार आहेत, आणि इतक्या मायेने म्हणणार आहेत की मलाच अपराधी वाटेल.

तरी विचारणार आहे. चहा देण्याआधी, उभ्याउभ्याच.

अहो, सोळा स्क्रू आहेत. तुम्ही लावलेल्या फळ्या तुमच्या हाताने काढून द्या.